दुभाष्याची साक्ष

मनमोहन धैर्यवान यांनी चोवीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये बोलण्याची नोकरी केली. भाड्याचे दावे चालत अशा एका कोर्टात ते दुभाषी होते. साक्षीदार मराठीत बोलायचा, मनमोहनराव ते इंग्रजीत सांगायचे आणि न्यायाधीश लिहून घ्यायचे. डिलाईल रोडचे गिरणी कामगार, माझगावच्या गोदीतले मुकादम, दादरचे पेन्शनर, हरतऱ्हेचे भाडेकरू आणि घरमालक त्यांच्या तोंडून बोलून गेले. स्वतःचे मत ते कोर्टात सांगत नसत. घरीही फारसे सांगत नसत, अशी त्यांच्या पत्नीची, सुनंदाबाईंची तक्रार होती.

राहायला ते गिरगावात, मुगभाटात. तळपदे यांच्या तीन मजली चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्या आजोबांची त्याच गल्लीत स्वतःची घरे होती, ती केव्हाच विकली गेली होती. घरमालक तळपदे त्यांच्याच ज्ञातीतले, वयाने थोडे मोठे. लग्नामुंजीत दोघांची गाठ पडायची. तळपदे आता दादरला राहायला गेले होते आणि चाळीत पाऊल टाकत नव्हते.

पंचावन्न सालच्या दिवाळीआधी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीची एक फळी मोडली. शेवटच्या खोलीत शेवंतीबाई नावाची मालवणकडची विधवा गिरणीतल्या माणसांसाठी खाणावळ चालवत असे. ती भाताचे पातेले घेऊन निघाली होती. तिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि ती तशीच अडकून राहिली. चौघांनी तिला वर काढले.

"माका वाटला, सगळी चाळच खाली गेली," एवढेच ती म्हणाली. तिच्या पायाला सात टाके पडले.

फळी काढून पाहिल्यावर खालची तुळईच कुजलेली निघाली. बोट दाबले की लाकूड आत जात होते. भाडेकरूंनी तळपद्यांना निरोप धाडले, उत्तर आले नाही. म्युनिसिपालिटीकडे अर्ज केला. तिथला इंजिनियर येऊन तुळई बघून गेला आणि डिसेंबरात त्याने मालकाला दुरुस्ती करण्याविषयी पत्र लिहिले. त्याचाही उपयोग झाला नाही.

मग सगळे मनमोहनरावांच्या खोलीत जमले. काहींचे म्हणणे, भाडे देणेच बंद करावे. मनमोहनरावांनी ते मोडून काढले. भाडे बंद केले की मालकाला घर खाली करून मागायला आयते कारण मिळते, हे त्यांनी किती दाव्यांत पाहिले होते. कायद्यात रस्ता होता. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम. सगळ्यांनी मिळून लेखी नोटीस द्यायची, निदान पंधरा दिवस थांबायचे, आणि तरीही मालक हलला नाही तर दुरुस्ती आपण करून घ्यायची व खर्च भाड्यातून वळता करायचा. तोही हवा तितका नाही. वर्षाच्या भाड्याचा कायद्याने ठरवलेला हिस्साच.

बारा भाडेकरूंनी सह्या केल्या. त्यांतल्या शेवंतीबाईने सहीऐवजी अंगठा उठवला. छप्पन सालच्या बारा जानेवारीला नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आणि 'घेण्यास नकार' असा शेरा आणि त्याखाली चौदा तारीख असलेले पाकीट घेऊन पोस्टमन परत आला. ते पाकीट मनमोहनरावांनी न फोडता पेटीत ठेवले. दोन दिवसांनी मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असल्याचे रेडिओवर जाहीर झाले आणि गिरगावात गोळीबार सुरू झाला. आठवडाभर दुसऱ्या कुणाला तुळईची आठवण राहिली नाही. संचारबंदीत माणसे गॅलरीत येऊन खाली बघत, तेव्हा मनमोहनराव त्यांना एकेक करून आत जायला सांगत. पोलिसांच्या भीतीने सांगतात, असे लोकांना वाटे; त्यांना भीती तुळईची होती.

शहर शांत झाल्यावर, फेब्रुवारीत, ते एकटेच दादरला गेले. कायद्याने याची गरज नव्हती. पण ज्ञातीतल्या माणसाशी एकदा समोरासमोर बोलावे असे त्यांना वाटले. तळपद्यांनी त्यांना चहा दिला.

"भाडं चाळीस सालचं गोठलेलं," तळपदे म्हणाले, "आणि लाकूड छप्पन सालचं. मी आणू कुठून?"

यात खोटे काही नव्हते, हे मनमोहनरावांना ठाऊक होते. त्यांनी शेवंतीबाईच्या पायाचे सांगितले. तळपदे "बघू," म्हणाले आणि उठले.

मार्चमध्ये माझगावच्या गोदीत काम केलेला एक सुतार लावून भाडेकरूंनी तुळई बदलली, फळ्या नव्या घातल्या, आणि एप्रिलपासून प्रत्येकाने आपला वाटा भाड्यातून कापायला सुरुवात केली. ऑगस्टात तळपद्यांनी दावा लावला. बारा जणांवर नव्हे, एकट्या मनमोहनरावांवर. भाडे थकवले म्हणून घराचा ताबा द्यावा, अशी मागणी होती.

दावा उभा राहायला सत्तावन्न सालचा नोव्हेंबर उजाडला. न्यायाधीश वेगळे नेमले होते, पण कोर्ट तेच. दुभाषी होता गुरुदत्त मानकर, मनमोहनरावांनीच कामाला तयार केलेला. मनमोहनरावांच्या वकिलांनी आदल्या दिवशी सुचवले होते की साक्ष सरळ इंग्रजीत द्यावी, न्यायाधीशांवर बरा परिणाम होईल.

"घरात जे झालं ते मराठीत झालं," मनमोहनराव म्हणाले. वकिलांनी मग आग्रह धरला नाही.

सकाळचा भाग ठीक गेला. जानेवारीतल्या गोंधळात टपाल पोचलेच नाही, असे तळपद्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. मनमोहनरावांनी बंद पाकीट पुढे केले. त्यावरची तारीख गोळीबाराच्या आधीची होती. मग वकिलांनी वळण घेतले. नोटीस परत आल्यावर तुम्ही मालकांना भेटलात, तेव्हा ते काय म्हणाले?

"ते 'बघू' म्हणाले."

गुरुदत्तने इंग्रजीत सांगितले की मालकाने लक्ष घालतो असे आश्वासन दिले. न्यायाधीशांनी लिहून घेतले. वकील खूश झाले. मालक लक्ष घालायला तयार होता, तुम्हीच थांबला नाहीत, असे त्यांनी लगेच पुढे मांडले.

पिंजऱ्यात उभ्या मनमोहनरावांनी ते इंग्रजी वाक्य लगेच ओळखले. गुरुदत्तने लबाडी केली नव्हती. 'बघू' या शब्दाचे इंग्रजी असेच करायचे, हे त्यांनीच त्याला शिकवले होते. ते सुटसुटीत होते आणि न्यायाधीशांना लिहायला सोपे जाई. आजवर किती भाडेकरू इथे उभे राहून "मालक बघू म्हणाले" असे सांगून गेले असतील, आणि आपण त्या प्रत्येकाच्या मालकाला आश्वासन देऊन टाकले असेल, याचा हिशेब लागण्यासारखा नव्हता. एक रखमा नावाची बाई तर याच पिंजऱ्यात तावातावाने काहीतरी समजावत होती आणि आपण तिला थोडक्यात सांगायला बजावले होते, एवढे त्यांना लख्ख आठवले.

साक्षीदाराने दुभाष्याची चूक काढायची नसते. त्यांनी उत्तराला जोड देण्याची परवानगी मागितली. न्यायाधीश म्हणाले की तुम्हांला इंग्रजी येते, मग तो शब्द इंग्रजीतच सांगून टाका.

"साहेब, तो शब्द इंग्रजीत नेताना मी स्वतः वीस वर्षं चुकत आलोय," मनमोहनराव म्हणाले. "म्हणून फक्त काय झालं ते सांगतो. ते 'बघू' म्हणाले, आत गेले आणि आतल्या दाराला कडी लावली. मी बाहेरच्या खोलीत चपला घालत होतो."

गुरुदत्तने हे शब्दाला शब्द लावून सांगितले. पुढे तळपद्यांची साक्ष झाली तेव्हा न्यायाधीशांनीच त्यांना विचारले की कडी लावली होती का. तळपद्यांनी आपल्या वकिलांकडे पाहिले, मग खाली पाहिले.

"लावली असेल," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी गुरुदत्त मुगभाटात आला. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. मनमोहनरावांनी त्याला सांगितले की चूक त्याची नाही. तो तरीही उभाच राहिला, तेव्हा सुनंदाबाईंनी त्याच्या हातात ताट दिले आणि तो जेवला.

निकाल महिनाभराने लागला. घ्यायला नकार दिलेली नोटीस मिळालेलीच धरली गेली, इंजिनियरचे पत्र ग्राह्य ठरले आणि ताब्याची मागणी फेटाळली गेली. पण पहिल्या वर्षी कापलेली रक्कम कायद्याच्या हिश्शापेक्षा थोडी जास्त होती. तेवढी भरण्याचा हुकूम झाला आणि मनमोहनरावांनी ती आठवड्यात भरली. काही भाडेकरू यावर नाराज झाले. ही मर्यादा आपण सुरुवातीलाच सांगितली होती आणि मोजताना चूक आपलीच झाली, असे त्यांनी उत्तर दिले. पुढच्या पावसाळ्याआधी तळपद्यांनी कुणी न सांगता छपराची कौले चाळून घेतली. दोन वर्षे ते लग्नकार्यात मनमोहनरावांशी बोलले नाहीत. मग बोलू लागले.

कोर्टात मनमोहनरावांचे काम मात्र मंदावले. ते साक्षीदाराला परत परत विचारत, अमुक म्हणजे नेमके काय केले, कुठे उभे होतात. एका न्यायाधीशांनी त्यांच्यावर कामात दिरंगाईचा शेरा मारला. तो शेरा पुसून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. नवे राज्य झाले त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

त्यानंतर लोक घरी येऊ लागले, नोटीस लिहून घ्यायला. एकदा वरळीच्या एका खाजगी चाळीतून आनंदा नावाचा गिरणी कामगार आला. जिना पडायला आला होता. पण मालक चांगला माणूस आहे, त्याला नोटीस धाडणे बरे दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"चांगल्या माणसालाही पत्र लिहिता येतं," मनमोहनराव म्हणाले, आणि बाकीच्यांना घेऊन ये म्हणून त्यांनी त्याला परत पाठवले.

पुढच्या रविवारी अकरा जण आले. सुनंदाबाईंनी शेजारून कप मागवले.