सावल्यांवरून तारखा

म्हैसूरच्या आमच्या कचेरीतल्या संगणकात विमानातून काढलेली शहराची अवाढव्य चित्रं साठवलेली असतात. ती सांभाळणारा गृहस्थ इथल्याच जुन्या मराठी घरातला. बोलताना तो तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. टाळूकडे पाहतो, वरून पाहिल्यासारखा. प्रत्येक चित्राला त्यानं स्वतः पानभर टिपण जोडलेलं: तारीख, वेळ, ढग, सावल्या. त्या ओझ्यानं एकेक चित्र उघडेपर्यंत माझी कॉफी निवायची. म्हणून मी अतिशहाण्यानं सगळी टिपणं एका झटक्यात पुसली. चित्रं पटापट उघडू लागली, फक्त कुठलं कधीचं ते कळेना. आणि साहेबांना दुपारपर्यंत तारखा हव्या होत्या. माझी नोकरी गेल्यात जमा होती.

"अय्यो सार, एवढी काय घाई होती हो?" तो एवढंच म्हणाला. मग शेजारी बसून, सावल्या बघत, तो न अडखळता एकेक तारीख सांगू लागला. मी लिहून घेत होतो.

"अंदाजानं सांगताय ना?" मी घाबरत विचारलं.

त्यानं पडद्यावरच्या एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "नोडी सार, बघा, ही तुमची गादी, गच्चीवर वाळत घातलेली. आदल्या दिवशीच्या चित्रात नाही. म्हणजे हा तुम्ही राहायला आलात त्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार."

रविवारच होता. माझं घर कुठे आहे, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

नोकरी वाचली. मात्र तेव्हापासून मी कपडेसुद्धा घरातच, पंख्याखाली वाळवतो.