कासमभाई आणि तळ्यात गेलेलं विमान

कासमभाई गेले. त्या विमानानेच त्यांना नेलं असं मी म्हणणार, कुणाला पटो न पटो.

डॉक्टरांनी कागदावर हार्ट अटॅक लिहिलंय. लिहू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कासमभाई दापोलीकडचे. इथे सौदीत, अल खर्जला आमच्या वर्कशॉपचे फोरमन. मी त्यांच्या हाताखाली वेल्डर म्हणून लागलो तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता मुलगी कॉलेजला आहे आणि मी अजून इथेच आहे. ते सोडा.

वाळूत रुतलेलं काहीही बाहेर काढायचं असलं की कासमभाईंना बोलवायचं. क्रेन, ट्रेलर, एकदा तर पाण्याने भरलेला टँकर.

त्यांची पद्धत ठरलेली. सिमेंट फॅक्टरीतले जुने कन्व्हेयर बेल्ट, जाड काळं रबर, चाकांपुढे अंथरायचे आणि त्यावरून हळूहळू ओढायचं. घाई करणाऱ्याला शिव्या. पण गाडी बाहेर यायचीच.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, हौशी माणूस. वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू. जुन्या गाड्या जमवतो. त्याला कुणीतरी सांगितलं, कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, बर्फात, महायुद्धातलं एक विमान पडून आहे. झालं. डोक्यात किडा शिरला.

नेमका तेव्हाच कासमभाईंनी फायनल एक्झिट मागितला होता.

कायमचं घरी जायचं होतं त्यांना. बंदरावर होड्यांची इंजिनं खोलत बसेन, बाकी काही नको, म्हणायचे.

कफील म्हणाला, "कासम, हे एक विमान आणून दे. मग खलास. एअरपोर्टवर मी स्वतः सोडतो तुला."

मी म्हटलं, "कासमभाई, नाही म्हणा. तुम्हाला कोण थांबवू शकतं?"

"थांबवतंय कोण, सुधीर? मीच हो बोललो. हा शेवटचा काम करतो नि जातो."

शेवटचं काम. आखातात हे दोन शब्द इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेत की आता नुसता थकवा येतो.

घरी फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. "यंदा नाय जमत, पुढच्या वर्षी नक्की," एवढंच म्हणाले. पलीकडे रुकैयाभाभी, त्यांची बायको. इतक्या वर्षांत त्या एकदाही भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं.

व्हिसा आला. माणसं गेली. सोबत कार्गोने आमचे बेल्ट पण गेले. त्या बेल्टशिवाय कासमभाई कामाला हात लावायचे नाहीत.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

विमान एका गोठलेल्या तळ्याच्या काठावर होतं. ते ओढत तळ्यावरून पलीकडच्या धावपट्टीपर्यंत न्यायचं. बर्फ खाली घट्ट, पण वर भुसभुशीत. चाकं रुतायला लागली. कासमभाईंना ते आपल्या वाळूसारखंच वाटलं. अंथरले बेल्ट.

चाललं की विमान. निम्मं तळं पार झालं. सगळ्यांनी व्हिडिओ काढले. मला पण एक पाठवला. पिवळ्या जॅकेटमध्ये कासमभाई, नाक लाल, हसतायत.

मग विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल संपलं. डिझेल येईपर्यंत विमान तिथेच बेल्टवर उभं ठेवलं आणि सगळे तंबूत जाऊन झोपले.

तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. काळं रबर तापत राहिलं. खालचा बर्फ विरघळत राहिला.

आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा विमानाचं नाक पाण्यात होतं.

बाकीचे मागे पळाले. कासमभाई हुक घेऊन पुढे गेले. केबल अडकवायला. कमरेपर्यंत त्या पाण्यात गेले, पोरांनी ओढून काढलं म्हणून वाचले. विमान सगळंच्या सगळं खाली गेलं.

परत आले ते खोकत. तो खोकला शेवटपर्यंत राहिला.

"वाळूत बेल्ट तापतो, पण वाळूला काय होतंय? तिथं खाली पाणी होतं. एवढं नाय कळलं मना," म्हणाले. मग चहा तसाच ठेवून उठले.

कफील रागावला नाही. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माफी मुश्किला, काही हरकत नाही, कासम. पुढच्या वर्षी पाण्यातून काढू."

आणि हा माणूस परत हो म्हणाला. मी त्या दिवशी खूप चिडलो. दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत शेडमधल्या बाकावर आडवे झाले. भोंगा वाजला, सगळे उठले. ते उठले नाहीत.

ऑफिसने सांगितलं, बॉडी गावी पाठवायची तर बराच वेळ लागेल. एम्बसी, परवानग्या, कार्गो. भाभींना फोन मीच केला. म्हटलं, "भाभी, उशीर होईल, पण काय वाटेल ते करून आम्ही त्यांना घरी पाठवतो."

भाभींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथं जनाज्याला आपली माणसं हायत ना?"

"आहेत. अख्खा कॅम्प येईल."

"मग तिथंच माती द्या. मी थांबले तेवढा पुरे झाला. आता त्यांना थांबवू नका."

काल जुम्म्याच्या नमाजानंतर माती दिली. कफील पण आला होता. एका बाजूला उभा राहून रडत होता. मी त्याच्याशी बोललो नाही.

कासमभाई, निवांत पडा आता. अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.

कॅम्पमधल्या आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा सलाम.