घोटीच्या अलीकडे

काल मुंबईहून नाशिकला परतताना इगतपुरीनंतर गाडी जरा मंदावली आणि खिडकीतून तापलेल्या ब्रेकचा वास आत आला. त्या वासानं मला थेट तरुणपणात नेऊन बसवलं.

हे रेल्वेत ड्रायव्हर. तेव्हा नुकतेच मालगाड्या सोडून पॅसेंजरवर आले होते, आणि त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसले होते. इगतपुरीला इंजिनात चढण्याआधी ते माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "वेग धरला की मी एकदा ब्रेक लावून बघेन, गाडी सुटल्यावर तसा नियमच असतो. घोटीच्या अलीकडेच. घाबरू नकोस."

गाडी सुटली. वेग वाढत गेला, भाताची खाचरं भराभर मागे जाऊ लागली, पण गाडी काही मंदावेना. मी खिडकीतून पुढं वाकून बघू लागले. समोर एक बाई निवांत शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना काय सांगणार? लांबून घोटीची घरं दिसायला लागली, आणि मग चाकांचा आवाज बदलला, अंग पुढं झुकलं, हाच वास आला.

"आता काय झालं हिला? इथं तर टेशनबी नाय," बाई कुरकुरल्या.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सगळं ठीक आहे असं हे मला पुढून कळवताहेत.

काल हे माझ्या शेजारीच बसले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गाडी मंदावेपर्यंत त्यांनी सीटची कड घट्ट धरून ठेवली होती. मंदावली तशी बोटं सैल झाली, आणि थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली.

ब्रेक लागेल की नाही, हे त्या दिवशी त्यांनाही ठाऊक नव्हतं.