विहिरीतली हवा आणि घाटघरचा काळा दगड

दहा वर्षं मी पिंपरी पेंढारचा रस्ता टाळला. आमचे हे विहिरी खोदायचे, आणि तिथल्याच एका जुन्या विहिरीत साचलेल्या जड हवेने गेले. उतरण्याआधी कडुलिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून खालीवर करायच्या, हवा घुसळायची, हा त्यांचाच शिरस्ता. तो त्या दिवशी का मोडला, हे मी कधी विचारलं नाही. निष्काळजीपणा केला, एवढंच धरून बसले. या हिवाळ्यात विचारायचं ठरवलं.

मंचरहून सकाळच्या एसटीने जुन्नर. आधी घाटघरला गेले, धीर गोळा करायला. जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. जेवणाचं गावात आधी सांगून ठेवा. मला नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळालं. मोबाइलला रेंज नव्हती, ते बरंच झालं.

कड्यावर काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसतात. वाचनालयातल्या पुस्तकांतून मला कळलं ते असं: हा दगड पृथ्वीच्या पोटातून वितळून वर आला, सोबत वायू आले, आणि साऱ्या जगाची हवा बदलली. मग पावसाने हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू धुऊन आणला, दगड झिजवला, आणि समुद्राच्या तळाशी त्याचा पुन्हा दगड झाला. कोट्यवधी वर्षं ही देवाणघेवाण चालू आहे. विहिरीत साचतो तो बहुतेक हाच वायू. दगडातल्या पोकळ्या म्हणजे बाहेर पडू न शकलेले बुडबुडे. अशाच एका पोकळीतला पांढरा स्फटिक यांनी मला आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ओतूरमार्गे पिंपरी पेंढार. विहिरीचे मालक अण्णा ओट्यावर होते.

"बसा वहिनी. लई वर्सं वाट पाह्यली, तुमी इचाराल म्हनून."

मी विचारलं.

"शेळी पडली व्हती आत. नात रडत व्हती. मी म्हनलं, थांबा, डहाळ्या आनतो. तर म्हनले, अण्णा, शेळीला तेवढा दम न्हाई."

"शेळी वाचली?"

"न्हाई."

विहिरीच्या काठावर दोराला ताज्या डहाळ्या बांधलेल्या होत्या. "गावातले हसत्यात, अण्णाचा झाडू म्हनत्यात," ते म्हणाले. "हसू द्या. कोनी उतरायचं आसलं की आधी ह्यो उतरतो."

कोणी उतरणार नव्हतं. तरी मी दोर हातात घेतला आणि बराच वेळ हवा घुसळली. अण्णा थांबा म्हणाले नाहीत.

हाताला कडुलिंबाचा वास मंचरपर्यंत होता. घरी आल्यावर स्फटिक खिडकीत होता तिथेच ठेवला. त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पण आता तो ओळखीचा राग आहे. शेळीच्या जिवासाठी डहाळ्या येईपर्यंतही न थांबणाऱ्या माणसाबरोबरच मी वीस वर्षं संसार केला होता.