गवती चहाचा अहवाल

मी मूळची सांगलीची, हळदपेठेच्या मागच्या गल्लीत वाढलेली. त्यामुळे शिंक या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा लहानपणापासूनचा समज. नव्वदच्या दशकात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेबरोबर हा समजही घेऊन गेले होते.

नेमणूक तात्पुरती होती. दोन वर्षांनी आरोग्य केंद्राचे डॉक्टर शेरा देणार आणि त्यावरून मी कायम व्हायची की घरी जायची ते ठरणार. घरी म्हणजे काकांकडे, आणि काकांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण पाणी प्यायचं झालं तरी आधी आईच्या तोंडाकडे बघायचा. मला ती नोकरी जीव तोडून हवी होती.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना फ्लूचं वेड होतं. हिवताप सगळेच मोजतात, म्हणायचे, फ्लू कोण मोजतो? म्हणून मी दर आठवड्याला घरोघर फिरून ताप, खोकला आणि अंगदुखी असलेली माणसं मोजायची आणि शनिवारच्या मीटिंगला आकडा द्यायचा. जगभर पसरणारी साथ कुठून तरी सुरू होतेच, आणि ते कुठून तरी म्हणजे तुमचं गावही असू शकतं, असं त्यांनी मला गंभीरपणे बजावलं. ज्या गावात दुपारची एसटी धड येत नव्हती तिथून जगाची साथ सुटायची, या कल्पनेनं मला उगाचच अभिमान वाटला.

अडचण एकच होती. गावात कुणी आजारीच पडत नव्हतं.

म्हणजे पडत होते, पण कबूल करत नव्हते. माझ्याआधी कित्येक वर्षं तिथं हिवतापाचा कर्मचारी फिरायचा. कुणी ‘ताप’ म्हटलं की तो बोट धरायचा, सुई टोचायचा, काचेवर रक्त घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचा. त्यामुळे तो शब्दच गावानं टाकून दिला होता. मी दारात दिसले की माणसं हात पाठीमागे घ्यायची. एक गृहस्थ घोंगडी पांघरून, डोळे लाल, नाकातून धार लागलेली, असे उन्हात बसले होते. मला म्हणाले, मिरच्या खुडल्यात. घरात मिरचीचं देठसुद्धा नव्हतं. फ्लूला रक्त लागत नाही हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे आणि हात तसेच पाठीमागे.

परिणामी माझा अहवाल दर शनिवारी एकाच शब्दाचा असायचा: निरंक. पाचव्या शनिवारी डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, तुम्ही गावात फिरता की खोलीवर बसून लिहिता? त्या रात्री मला काकांनी हेरलेला मुलगा स्वप्नात दिसला. पाणी मागत होता.

मग मला गवती चहा सापडला. माझ्या खोलीपुढच्या गल्लीत प्रत्येक घराच्या परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर, गवती चहाचं एक बेट असायचं. नाक गळायला लागलं की बाई विळा घेऊन मागं जाणार आणि मूठभर पात कापून काढा उकळणार. माणूस खोटं बोलेल, बेट कसं बोलेल? मी पाणी मागायच्या निमित्तानं परड्यात डोकावू लागले आणि ताजी कापलेली बेटं मोजू लागले. एक बेट कापलेलं म्हणजे एक रुग्ण, बुडापासून कापलेलं म्हणजे सगळं घर. आकडे येऊ लागले. थंडी वाढली की वाढायचे, ऊन पडलं की उतरायचे. डॉक्टरांनी भर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मी आकडा कुठून आणते ते काही मी सांगितलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि त्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी मी फेरी मारली तर गल्लीतली सगळी बेटं साफ. बुडापासून. चौदा घरं, चौदा बेटं, एक पात शिल्लक नाही. साथ आली होती आणि ती माझ्या गावात आली होती. विचारून उपयोग नव्हताच, उत्तर मिरचीचं मिळणार. मी तशीच एसटी धरून केंद्रावर गेले आणि गल्लीच्या गल्ली आजारी असल्याचं सांगितलं. डॉक्टर उठून उभे राहिले. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही जीपनं गावात शिरलो. गल्लीच्या तोंडाला मांडव होता. फौजेतून रिटायर झालेल्या हवालदारांच्या दारात सतरंज्या अंथरल्या होत्या, टेम्पो भरून पाहुणे बसले होते आणि चुलवणावरच्या मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. पातेल्यात चहा कमी आणि वैरण जास्त होती. चौदा घरांची.

हवालदारांच्या मुलीची सुपारी फुटायची होती. सांगलीचं स्थळ, हळदीच्या धंद्यातलं. ठरेपर्यंत नजर लागू नये म्हणून गल्लीनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि हवालदारांनी घरटी एक पेंडी असा फौजी हुकूम सोडून गवती चहा गोळा केला होता. हे सगळं मला त्या पातेल्याकडे बघून एका क्षणात कळलं. डॉक्टरांना कळलं नव्हतं. ते पिशवी घेऊन मांडवात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, आजारी कोण कोण आहे?

हवालदारांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणे कान टवकारून ऐकत होते. डॉक्टरांनी मांडवभर नजर फिरवली, सगळे टवटवीत, मग माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, घरी बसून आकडे लिहिलेत. शेऱ्यात हेच येणार.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं. शेजारी पानाचं तबक घेऊन गल्लीतली आत्या उभी होती. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. गेल्या वर्षभरात तिनं मला तीनदा दारातूनच परत लावलं होतं. तिनं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं, तबक खाली ठेवलं आणि बोट पुढं केलं.

“मला हाय ताप. लिवा.”

मग तिच्या जावेनं बोट पुढं केलं. मग घोंगडीवाल्यांनी. आजारी असताना हात लपवणारी माणसं धडधाकट असताना बोटं पुढं करत होती, आणि नुसता गोंधळ झाला. हवालदारांना पोरीच्या सुपारीची धास्ती होतीच, पण फौजी माणसाला गोंधळ त्याहून सोसत नाही. त्यांनी सगळ्यांना लायनीत उभं केलं आणि पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, “आमच्यात सुपारीच्या आधी मेडिकल असतं.”

झालं. पाहुणेही लायनीत लागले. नवऱ्या मुलानं तर शर्टाची बटणं काढायला घेतली.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावून लावून बघितला. एकालाही ताप नव्हता. शेवटी उरले मुलाचे चुलते. त्यांनी लागोपाठ तीन शिंका दिल्या. डॉक्टर थर्मामीटर झटकून पुढं झाले, तेवढ्यात निदान शिंकेतलं तरी कळतं एवढं दाखवून अब्रू वाचवायची शेवटची संधी मी साधली. म्हटलं, साहेब, राहू दे, मी हळदपेठेतलीच आहे, ती हळदीची शिंक आहे. चुलत्यांनीही कौतुकानं मान डोलावली. डॉक्टरांनी थर्मामीटर खिशात ठेवला. सुपारी फुटली, सगळे वैरणीचा चहा प्याले, चुलत्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला कडकडून मिठी मारली आणि टेम्पो सांगलीला गेला.

जीपपाशी मी डॉक्टरांना गवती चहाचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी पिशवी जीपमध्ये टाकली. मग म्हणाले, म्हणजे मी डिझेल जाळून गवत बघायला आलो. पुढच्या शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या.

बुधवारी गल्ली झोपली. चुलत्यांची शिंक हळदीची नव्हती. एरवी मला कळलंही नसतं, सगळ्यांनी काढा पिऊन मिरचीचं नाव सांगितलं असतं. पण बेटांना जेमतेम बोटभर कोंब फुटले होते. काढ्याला पात नाही, तेव्हा माणसं माझ्या खोलीच्या दारात आली, एकमेकांच्या आधारानं, गोळी मागायला. मी एकेकाचा ताप बघितला आणि नावं लिहिली. शनिवारी मीटिंगला न जाता कंडक्टरबरोबर नुसता आकडा पाठवला. दुपारी जीप आली. डॉक्टर उतरले ते भांडायच्या तयारीनंच.

दारात रांग होती. सगळ्यात पुढं आत्या, डोक्याला फडकं बांधलेली, बोट पुढं केलेलं. त्यांनी थर्मामीटर लावला, उजेडात धरून बघितला, पुन्हा बघितला.

“गेल्या रविवारी खोटं बोललात ना, आत्या?”

“तवाचा ताप बाईसाठी हुता,” ती म्हणाली. “ह्यो माजा हाय.”

डॉक्टर हसले नाहीत. टेबलावर माझा अर्धवट खुलासा पडला होता, तो त्यांनी घडी घालून खिशात टाकला आणि याची आता गरज नाही म्हणाले. आत्याचं बोट त्यांनी हळूच मिटवलं, याला रक्त लागत नाही म्हणून सांगितलं, आणि या वेळी तिनं ते ऐकलं. मग खुर्ची ओढून ते स्वतः यादी उतरवायला बसले. सर्वांत वर आत्याचं नाव आलं. सर्वांत खाली माझं, कारण यादी संपता संपता मला एक सणसणीत शिंक आली, आणि ती कसली आहे हे या वेळी मी सांगायला गेले नाही.