थोरलीची काठवट आधी

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामाने परतवाड्याच्या घरामागचं शिरीषाचं झाड पाडलं. त्याला गाडी उभी करायला जागा हवी होती. बहुतेक लाकूड आरागिरणीत गेलं. बुंध्याचा एक जाड तुकडा मोठ्या मावशीने भांडून ठेवून घेतला आणि अमरावतीला माझ्या आत्याकडे पाठवला. त्यातून भाकरीचं पीठ मळायच्या तीन काठवटी काढायच्या होत्या, एकीत एक बसतील अशा. सगळ्यांत मोठी मोठ्या मावशीची, त्याहून लहान मधल्या मावशीची आणि सगळ्यांत लहान आईची. आईची म्हणजे आता माझी.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकवून ती निवृत्त झाली, आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिने स्वतःची लाकूड कातायची लेथ बसवली. मी अकोल्याला घरूनच एका कंपनीचं काम करते. आई गेल्यावर वडील म्हणाले, शनिवार-रविवार आत्याकडे जात जा. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी जाऊ लागले.

मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. दुःखही नाही. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत, आणि मी त्यांना चहा विचारत असे. शेडमध्ये तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. आत्याचं लक्ष माझ्या हातांवर असायचं.

"कोपर अंगाले लावून ठेव. हवेत काहून धरून राहिली?"

मी कोपर अंगाला लावत असे.

एका ठोकळ्यातून एकच भांडं कोरलं तर आतलं सगळं लाकूड कीस होऊन खाली पडतं. ते वाचवायचं तर वाकडं हत्यार लागतं. आत्याने ते अकोल्याच्या एमआयडीसीतून ट्रकच्या कमानपट्टीचं बनवून आणलं होतं. दिसायला विळीच्या पात्यासारखं, म्हणून आम्ही त्याला विळीच म्हणायचो. ठोकळा बुडाकडून लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, घट्ट धरायचा आणि हळू फिरवायचा. विळी तोंडाकडून आत घालायची, ती कमानीने वळत बुडाखाली पोचते. काप अरुंद असतो, त्यात कीस अडकतो, म्हणून सारखी बाहेर काढून साफ करायची. बुडाजवळ आवाज जाड होतो. तिथे थांबायचं, लेथ बंद करायची आणि आतल्या गोळ्याला एक टोला द्यायचा. गोळा सुटून हातात येतो.

हे आत्यालाही नवीन होतं. आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायचो. ते काय बोलतात ते मी सांगायची आणि ते कसे उभे आहेत ते आत्या सांगायची. आंब्याचे ठोकळे आम्ही कितीतरी फोडले. कधी विळी बुडातून आरपार गेली, कधी कापात अडकून ठोकळाच चकातून उडाला. थंडी येईपर्यंत माझे काप नीट उतरायला लागले. शिरीषाचा ठोकळा तूच काप, असं आत्या म्हणाली. मी बरं म्हटलं.

त्या रविवारी दोन्ही मावश्या परतवाड्याहून बसने आल्या. शेडमध्ये त्यांच्यासाठी खुर्च्या टाकल्या. मी ठोकळ्याची बाहेरची बाजू गोल करून घेतली. शिरीषाचा भुसा नाकाडोळ्यांत जातो. मी शिंकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मधली मावशी मोठीला हळूच म्हणाली, "रडून राहिली पोरगी. बरं झालं, मोकळी होईन." मी तिला भुशाचं सांगितलं नाही.

मग मी ठोकळा उलटा करून चकात धरला, तोंडावर कापांच्या खुणा केल्या आणि विळी सगळ्यांत आतल्या खुणेवर टेकवली.

"हे कोनाचं होय?" मोठ्या मावशीने विचारलं.

"आईचं. सगळ्यांत लहान."

"आनि माहं?"

"शेवटी राहील. बाहेरची जी उरेल ती तुमची."

मावशी खुर्चीतून उठलीच. "बाप्पा! मी शेवटी? माहेरचं काही निंगालं तं आधी थोरलीच्या हाती पडते. लुगडं असो का आंबे असो. आमच्या मायनं कधी लहानीले आधी देल्लं नाही."

"मावशी, व्हिडिओत लहान आधी काढतात," मी म्हणाले. "मोठी आधी कापली तर आतलं सगळं चकातून सुटतं. परत धरायला लाकूड जातं."

"अवं, इंग्लिश मीडियम, झाड कोनाच्या माहेरचं हाये? त्या व्हिडिओवाल्याच्या?"

मधली मावशी हसली. मी आत्याकडे पाहिलं. आयटीआयमध्ये तिच्यासमोर पोरं चळचळा कापत असत म्हणे. पण या तिच्या भावाच्या सासरच्या बायका होत्या, आणि त्या तिच्या दारी आल्या होत्या.

"त्यांचं लाकूड हाये. त्या म्हनतीन तसं," आत्या म्हणाली. "जाडी हाये भरपूर. धरू आपन पुन्हा. काप बाहेरून."

मी विळी उचलून बाहेरच्या खुणेवर ठेवली.

तो काप माझा सगळ्यांत चांगला काप होता. हात हलला नाही. कुठेही जळल्याचा वास आला नाही. टोला दिला आणि आतला सगळा गोळा माझ्या पोटाशी आला, ओला आणि लहान मुलाच्या डोक्याएवढा जड. बाहेरची काठवट चकात राहिली. आत्याने ती काढून मोठ्या मावशीच्या हातात दिली. मावशीने तिला पदराने पुसलं आणि कपाळाला लावलं.

आता आतला गोळा चकात परत धरायचा होता. त्याचं बूड नारळासारखं गोल. आत्याने ते सपाट करून पकडीसाठी कड काढली. चालू केलं तर गोळा थरथरला. पुन्हा काढला, पुन्हा सपाट केला. आता आत थोडी चीर दिसली, ती जाईपर्यंत आणखी उतरवला. मग आत्याने लेथ बंद केली आणि तोंडाकडून बुडापर्यंत वीत लावून पाहिली.

"आता याच्यातून एकच निंगते," ती म्हणाली. "दोन काढाले गेलो तं दोनीचे बूड फुटतीन."

मधली मावशी स्वतःच्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"मंग मधलीचं काढा," मोठी मावशी म्हणाली. "लहानी तं आता..." आणि थांबली. मग मला म्हणाली, "तुले कुठं भाकऱ्या थापाच्या हायेत, माय? तुमच्याकडं तं बाई येते पोळ्याले."

आत्या माझ्याकडे बघत होती. या वेळी हातांकडे नाही.

मी विळी खुंटीला टांगली आणि साधं कोरायचं हत्यार घेतलं. आता मधोमध कोरत जायचं होतं, बाकी काही नाही. मी कोरत गेले. आतून निघणारा कीस लांब, तपकिरी आणि ओला होता. माझ्या मनगटावरून घसरून चपलांवर पडत होता. आईची काठवट ज्या जागी बसली असती ती जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मला माहीत होतं, कारण खुणा मीच केल्या होत्या. मी त्या जागेतून पार झाले. तेव्हाही मला काही वाटलं नाही. बूड पातळ होऊ नये, एवढंच लक्षात होतं.

दोन्ही काठवटींना आत्याने मेण लावलं आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. ओलं लाकूड उघडं ठेवलं तर तडकतं, अंधारात सावकाश वाळवायचं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरायचं नाही, हे तिने मावश्यांना दोनदा सांगितलं. फाटकाशी मधली मावशी रेंगाळली. पुडकं तिने काखेत धरलं होतं.

"तुले पायजे असंन तं ठेव," ती म्हणाली, पण काख सैल झाली नाही.

"नको मावशी. तुम्ही न्या."

तिने सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला. मग रिक्षा आली आणि त्या गेल्या.

मी शेड झाडत असताना आत्या दारात येऊन उभी राहिली.

"पायजे होती न तुले?"

"हो."

"मंग फाटकापाशी नको काहून म्हटलं?"

मी केरसुणी चालवत राहिले. तिने चहा केला. तो पिऊन मी अकोल्याच्या गाडीत बसले.

बडनेरा गेल्यावर मी मधल्या मावशीला फोन लावला. मी सहसा फोन करत नाही, मेसेज पाठवते. तिला वाटलं काही झालं.

"मावशी, मी नको म्हणाले, पण मला ती काठवट हवी आहे."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. कंडक्टर कोणाला तरी पुढे सरक म्हणत होता.

"ओली हाये न अजून," ती शेवटी म्हणाली. "वाळू दे. मंग पाहू."