वायफायचा नवा पासवर्ड

नव्या राउटरचं खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या वासानं मला चंदीगडजवळच्या खरडमधली भाड्याची खोली आठवते. तिथे नेट फार रखडायचं, म्हणून एका दुपारी मी वायफायचा पासवर्ड बदलला. काही दिवसांनी वर राहणाऱ्या घरमालकीणबाई गरम पराठे घेऊन आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "बेटा, फोन बिगड गया है. कॅनडावाला बेटा दिखता ही नहीं." त्यांच्या फोनला माझं वायफाय मीच कधीतरी जोडून दिलं होतं आणि साफ विसरलो होतो. मी गुपचूप नवा पासवर्ड टाकला. थोड्या वेळात मुलाचा चेहरा दिसला. "इसने ठीक कर दिया!" म्हणत त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "थँक यू, भाई," तो म्हणाला. मी हसून हात हलवला. खरं काय ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.